ह्याचां शिकणां संपतलां कधी?



पॅरिश कार्यालयात बसून अर्ज भरून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. काही महिन्यांपूर्वी आपल्यातलाच एक तरुण लग्नाचा अर्ज भरायला आईसोबत आला होता. त्याची परवानगी घेऊन, नाव न सांगता, ही गोष्ट लिहीत आहे. नाव, वय, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण हे रकाने भरून झाले आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले. मी म्हटले, "अरे, कंपनीत आहेस ना? नोकरी असे लिही." तो म्हणाला, "अंकल, नोकरी कशी लिहू? मी ट्रेनी आहे." त्याचे वय २८. आयटीआयमधून बाहेर पडून सहा वर्षे झालेली. शेजारी बसलेली त्याची आई खाली बघत म्हणाली, "सहा वर्षां झाली. ह्याचां शिकणां संपतलां कधी?"

त्या माऊलीने कोणावर आरोप केला नव्हता. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. एखाद्या माणसाकडून पूर्ण काम करून घ्यायचे आणि त्याला 'शिकाऊ' म्हणत राहायचे, हे योग्य आहे का? शिकाऊपण कुठे संपते आणि कामगारपण कुठे सुरू होते? कायदा काय म्हणतो ते महत्त्वाचे आहेच. पण रविवारी प्रभूच्या वेदीसमोर उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यापुढे जाऊनही विचार करावा लागतो. कारण आपल्या काही घरांतली मुले शिकाऊ आहेत, आणि आपल्यातलेच काही जण मुलांना कामाला ठेवणारे मालकही आहेत.

त्या तरुणाची हकिकत थोडक्यात अशी. फिटरचा कोर्स करून तो पुण्याकडे गेला. पहिले वर्ष त्याने एका कारखान्यात कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार म्हणून काढले. ते वर्ष त्याला अजून आठवते. तिथे एका जुन्या फिटरने त्याला नकाशा वाचायला शिकवले, मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवले, चूक झाली की काम उलगडून पुन्हा करायला लावले. शेवटी परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले. पण जागा नाही म्हणून तिथून निघावे लागले. मग एका मध्यस्थ संस्थेमार्फत दुसऱ्या कारखान्यात तीन वर्षे 'ट्रेनी'. तिथे जोडणीच्या लाइनवर दिवसभर तेच चार बोल्ट आवळायचे. "ते काम आठ दिवसांत आले," तो म्हणाला. "पुढचे तीन वर्षे मला कोणी काहीच शिकवले नाही." त्याच्या शेजारी तेच काम करणारा कायम कामगार त्याच्या कितीतरी पट पगार घेत होता. तीन वर्षे भरली तेव्हा प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे पत्र हातात दिले, आणि सोमवारी त्याच्या जागी नवा ट्रेनी उभा राहिला. आता तो तिसऱ्या ठिकाणी पुन्हा शिकतो आहे. प्रमाणपत्रे बरीच झाली. पण हातात कसब आले ते पहिल्या वर्षीचेच.

या गोष्टीत दोन प्रकारचे शिकणे आहे, हे लक्षात घ्यावे. पहिले वर्षही कमी पैशांचेच होते, पण त्या वर्षाबद्दल त्याची तक्रार नाही. म्हणजे दुखणे केवळ पैशांचे नाही.

आपल्या विजयदुर्गाला शिकणे म्हणजे काय ते कोणी सांगायला नको. वाघोटन खाडीत गिर्ये गावच्या हद्दीतली आंग्र्यांची आरमारी गोदी आपण लहानपणापासून पाहिली आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार इथेच जाळले. जहाजे जळाली, तरी या किनाऱ्यावर होड्या आणि गलबते पुढेही बांधली जात राहिली, कारण कसब माणसांच्या हातात होते आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. कोणताही सुतार शाळेत जाऊन होडी बांधायला शिकला नाही. पोरगा आधी भुसा झाडायचा, चहा आणायचा, फळी धरायचा. मग मिस्त्री त्याच्या हाती वाकस द्यायचा. कुठल्या लाकडाचा नैसर्गिक बाक कुठे बसेल, फळ्यांच्या फटीत कापूस किती ठासायचा, हे बघून बघून यायचे. एक दिवस मिस्त्री त्याला एकट्याला काम सांगून बाजूला उभा राहायचा. त्या दिवसापासून तो पोरगा राहत नसे.

समुद्रावरही तसेच. नव्या पोराने आधी भात रांधायचा, पाणी उपसायचे, जाळे झाडायचे. उधाण आणि भांग, वारा आणि पाण्याचा रंग हे तांडेलाच्या शेजारी बसून कळत जाते. आणि आंब्याच्या बागेत कलम बांधायला शिकणारा माणूस पहिल्या वर्षी कितीतरी काड्या वाया घालवतो. झेल्याने देठासकट आंबा उतरवणे दिसायला सोपे. पण नवशिक्याच्या हातून देठ तुटतो, चीक फळावर सांडतो आणि तो आंबा पेटीत जात नाही. ही नुकसानी मालक सोसतो. म्हणून सुरुवातीला मजुरी कमी असणे कोणाला खटकत नसे. शिकवणीचा मोबदला शिकणारा आपल्या श्रमाने देत होता. हा व्यवहार न्यायाचा होता. पण दोन गोष्टी पाळल्या तरच. शिकवणारा खरोखर शिकवत असला पाहिजे, आणि शिकण्याला शेवट असला पाहिजे.

आपल्या देशाने हीच गोष्ट कायद्यात बसवण्याचा प्रयत्न केला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यामागचा हेतू चांगला होता. नवे कारखाने उभे राहत होते, कसबी हात हवे होते, आणि केवळ वर्गात बसून फिटर किंवा टर्नर तयार होत नाही. म्हणून कारखान्यांनी ठरावीक संख्येने मुले घ्यावीत, लेखी करार करावा, तो नोंदवावा, विद्यावेतन द्यावे, मुदत संपल्यावर परीक्षा व्हावी, अशी रचना केली गेली. मुलगा कामावर जखमी झाला तर नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली: शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, म्हणून कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू नाहीत. आणि शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही.

कायदा करणाऱ्यांना कदाचित यात काही वावगे वाटले नसेल. शाळेतल्या मुलाला शाळा पगार देत नाही, तसेच हे. परंतु दार उघडे राहिले की त्यातून कोण आत येईल ते सांगता येत नाही. २०१४ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायला सांगितले. किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. याच्याच जोडीला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये 'नीम' नावाची योजना आणली होती. तिच्यात तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी ठेवता येत. त्यांना अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके विद्यावेतन द्यायचे, पण भविष्यनिर्वाह निधी नाही, कामगार विमा नाही. पुणे-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात 'नीम ट्रेनी' हा शब्द घरोघरी माहीत झाला. कामगार संघटनांनी तक्रारी केल्या की प्रशिक्षणाच्या नावाखाली थेट उत्पादन करून घेतले जाते. २०२२ मध्ये परिषदेने ही योजना मागे घेतली. पण योजना गेली म्हणून सवय जाते असे नाही.

सरकारही याला अपवाद नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली. सहा महिन्यांसाठी बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. अनेक मुलामुलींना तिचा आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण ती मुले शाळांत, कार्यालयांत, ग्रामपंचायतींत रोजची कामे करू लागली, मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढली, आणि पुढे त्यांनी कायम करा म्हणून आंदोलने केली. त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर की चूक, यात मी जात नाही. पण ज्या कामासाठी माणूस रोज लागतो, ते काम शिकण्याचे की करण्याचे, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो त्या माऊलीच्याच प्रश्नाचा भाऊ आहे.

शब्दाच्या आड अन्याय लपू शकतो, याचे जगाच्या इतिहासातले एक उदाहरण आपण माहीत करून घ्यावे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. पण वेस्ट इंडीजमधल्या बहुतेक बेटांवरचे गुलाम त्या दिवशी खरेखुरे मोकळे झाले नाहीत. सहा वर्षांवरच्या सर्वांना कायद्याने 'शिकाऊ' ठरवले गेले. शेतावर काम करणाऱ्यांनी सहा वर्षे आणि इतरांनी चार वर्षे, आठवड्यातला बहुतेक वेळ, पूर्वीच्याच मालकाकडे बिनपगारी काम करायचे होते. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला ते कोणते शिक्षण देणार होते? ऊस तोडणे त्याला मालकापेक्षा जास्त येत होते. लोकांनी इतका विरोध केला की १ ऑगस्ट १८३८ ला ही पद्धत मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. आजच्या ट्रेनीची स्थिती गुलामाची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो केव्हाही सोडून जाऊ शकतो. मला एवढेच दाखवायचे आहे की ज्याला काम येते त्याला 'शिकाऊ' म्हणणे ही फार जुनी युक्ती आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हीच गोष्ट दुसऱ्या नावाने भोगली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली, तेव्हा किती जण वर्षानुवर्षे 'बदली' राहिले! रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे; कोणी कायम कामगार आला नाही तर काम, नाहीतर परत खोलीवर. साच्यावरचे काम त्यांना चांगले येत होते, तरी नाव बदलीचेच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. 'बदली' गेला आणि 'ट्रेनी' आला. शब्द बदलला, माणूस आपलाच राहिला.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण न्याय करतो असे म्हणता येणार नाही. बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या मिस्त्रींशी मी या विषयावर बोललो. ते म्हणाले, "तुम्ही लिहा हो, पण माझंही लिहा. पोराला घरच्यासारखा ठेवला. पहिल्या वर्षी त्याच्या हातून दोन पंप फुकट गेले, एक शब्द बोललो नाही. दोन वर्षांनी हात बसला आणि तिसऱ्या महिन्यात गोव्याला गेला. मग मी पुढच्याला कशाला शिकवू?" त्यांचे दुःख खरे आहे. मोठा कारखाना ट्रेनीवर पैसे वाचवतो. छोटा मिस्त्री शिकाऊ पोरावर खरोखर खर्च करतो. ठरलेली मुदत पुरी न करता, न सांगता निघून जाणारा मुलगाही अन्यायच करतो, आणि त्याला तसे शिकवणारे आईबापही.

पण मिस्त्रींना मी विचारले, मुदत ठरली होती का? दोन वर्षांनी मजुरी किती होईल हे आधी बोलला होता का? ते थोडा वेळ गप्प राहिले. "तसं काही बोललो नव्हतो," म्हणाले. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. आपण मनात धरतो की मी शिकवले म्हणून तो माझा. पण कसब दिले की ते घेणाऱ्याचे होते. सुरतेच्या गोदीत शिकलेले लवजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले. सुरतेचे नुकसान झालेच असेल. पण त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे मुंबईत जहाजे बांधली, आणि त्यांतले १८१७ चे 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभे आहे. शिकवलेले वाया जात नाही; ते आपल्या अंगणात राहील एवढी खात्री मात्र नसते. ती जोखीम ज्याला कमी करायची असेल त्याने मुदत आणि मजुरी आधी बोलावी. पोराला कायम अर्धवट ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. काही कारागीर शेवटची खुबी मुद्दाम हातची राखतात, हे आपण सगळे जाणतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपल्या मामाकडे, लाबानाकडे, काम करतो ती गोष्ट आपल्याला प्रेमकथा म्हणून ठाऊक आहे. मजुराच्या नजरेने ती पुन्हा वाचून पाहा. राहेलसाठी सात वर्षे काम करायचे ठरते. सात वर्षे भरतात, आणि लाबान लेआला पुढे करतो. विचारले तर म्हणतो, आमच्याकडे अशी रीत नाही. आणखी सात वर्षे कर. पुढे याकोब स्वतःच सांगतो की मामाने दहा वेळा त्याची मजुरी बदलली. लाबान परका नव्हता, नात्यातला होता. त्याने याकोबाला उपाशी ठेवले असे नाही. त्याने एवढेच केले की शेवटाची रेघ प्रत्येक वेळी पुढे सरकवली. आणि देवाने ते पाहिले, असे शास्त्र सांगते.

कोणी म्हणेल, त्या मुलाने स्वतःच सही केली होती; मालकाचा काय दोष? याचे उत्तर पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात दिले आहे. गरजेपोटी, याहून वाईट टाळण्यासाठी एखादा कामगार अन्यायी अटी मान्य करतो, तेव्हा त्याच्या होकाराने तो करार न्यायाचा होत नाही. त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते, अशी त्यांची शिकवण आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडण्याचे कारण सांगताना याच विश्वपत्राची आठवण करून दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेरचेन्स'मध्ये सांगितले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. म्हणजे कामातून वस्तू किती तयार झाल्या एवढेच पाहायचे नाही, काम करता करता माणूस घडला की झिजला, हेही पाहायचे आहे. चार बोल्टांच्या तीन वर्षांना ही कसोटी लावून पाहा.

प्रभू येशू स्वतः शिकाऊ होता. मत्तयच्या शुभवर्तमानात लोक त्याला सुताराचा मुलगा म्हणतात; मार्कच्या शुभवर्तमानात थेट सुतार म्हणतात. या दोन वाक्यांच्या मध्ये नाझरेथमधली सगळी वर्षे आहेत. संत जोसेफच्या हाताखाली शिकणारा मुलगा एक दिवस स्वतः सुतार झाला आणि गावाने त्याला त्या नावाने ओळखले. संत जोसेफने त्याला कायम 'सुताराचा मुलगा' ठेवले नाही.

योहानच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू आपल्या आणि पित्याच्या नात्याबद्दल बोलतो, तेव्हा मला त्यात सुतारशाळेचाच वास येतो. पुत्र पित्याला जे करताना पाहतो तेच करतो. आणि पित्याचे पुत्रावर प्रेम असल्यामुळे तो जे जे करतो ते सर्व त्याला दाखवतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. 'सर्व' हा शब्द लक्षात ठेवावा. हातचे काही राखले नाही. शिकवण्यात प्रेम आहे की नाही याची याहून चांगली खूण मला माहीत नाही: दाखवणारा सगळे दाखवतो का?

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू बहात्तर जणांना गावोगाव पाठवतो. ते कोण होते? शिष्य, म्हणजे शिकणारेच. त्यांचे शिक्षण अजून संपलेले नव्हते; परत येऊन ते काय काय घडले ते गुरूला सांगणार होते. आणि नेमक्या त्यांनाच येशू सांगतो की कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे. शिकणारा काम करतो तेव्हा तो कामकरीही असतो, हे प्रभूने किती सहज मान्य केले आहे! कायदा म्हणतो शिकाऊ हा कामगार नव्हे. प्रभूच्या दृष्टीने एकच माणूस दोन्ही आहे. आणि बारा शिष्यांना तर त्याने जन्मभर शिष्य ठेवले नाही. त्यांना प्रेषित केले, नवे नाव आणि नवी जबाबदारी दिली.

ही शिकवण कागदावर उतरवणारा एक संत आपल्याला मिळाला आहे. संत जॉन बॉस्को तुरीन शहरात गरीब मुलांना सांभाळत होते. मुले कारागिरांकडे शिकायला जात, आणि मालक त्यांना घरकामाला जुंपत, मारत, सणावारीही राबवत. डॉन बॉस्को यांनी उपदेश करून सोडून दिले नाही. ते मालकासमोर करार घेऊन बसले. ८ फेब्रुवारी १८५२ चा असा एक करार आजही जपलेला आहे. जुझेप्पे बेर्तोलिनो नावाच्या सुताराने एका मुलाला दोन वर्षांत सुतारकाम शिकवण्याचे त्यात कबूल केले. चूक झाली तर शब्दाने समज द्यायची, हात उगारायचा नाही. धंद्याशी संबंधित तेवढेच काम सांगायचे. रविवार आणि सणाचा दिवस मोकळा ठेवायचा. रोजची मजुरी ठरलेली, आणि मुलगा शिकत जाईल तशी ती वाढत जाणारी. मुलानेही आज्ञाधारक आणि प्रामाणिक राहण्याचे वचन दिले. खाली मालकाची सही, मुलाची सही आणि डॉन बॉस्को यांची सही. मला वाटते, कमी मजुरीचा शिकाऊपणा न्यायाचा कसा होतो, याचे उत्तर त्या एका कागदावर आहे.

त्याच कागदावरून चार प्रश्न काढून मी आपल्यापुढे ठेवतो. मुलगा किंवा मुलगी कुठे 'ट्रेनी' म्हणून जाणार असेल तर सही करण्याआधी आईवडिलांनी हे विचारावेत. एक, काय शिकवणार? 'सर्व काही' हे उत्तर चालणार नाही. कामांची नावे हवीत. दोन, कोण शिकवणार? त्या माणसाला शिकवायला वेळ दिलेला आहे का? तीन, कधी संपणार, आणि शेवटी परीक्षा कोण घेणार? चार, शिकत जाईल तसे पैसे वाढणार का, आणि संपल्यावर त्याला काय म्हणणार? चारही प्रश्नांची उत्तरे देणारा मालक कमी पैसे देत असला तरी मुलाला तिथे अवश्य पाठवावे. उत्तरे न देणारा जास्त पैसे देत असला तरी समजून घ्यावे की तिथे शिक्षण नाही, नोकरी आहे, आणि ती स्वस्तातली आहे. त्याही परिस्थितीत गरजेपोटी जावे लागले तर त्यात कमीपणा काही नाही; पण डोळे उघडे ठेवून जावे.

आता आपली पाळी. चाकणचे मालक हे पत्रक वाचत नाहीत; आपण वाचतो. आपल्यापैकी कोणाची बोट आहे, कोणाची बाग, कोणाचे दुकान, कोणाचे हॉटेल. घरकामाला ठेवलेल्या मुलीला आपण "अजून शिकत्येय" असे किती वर्षे म्हणतो? तिसऱ्या हंगामाला बोटीवर असलेल्या पोराला पूर्ण वाटा मिळतो की अर्धाच? बागेत कलमे बांधणाऱ्याचा हात बसून चार पावसाळे झाले, तरी त्याची मजुरी पहिल्या वर्षाची का? यात दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक वेळा आपण तो विषय काढतच नाही, आणि समोरचा संकोचाने विचारत नाही. लाबानही रोज सकाळी उठून अन्याय करायचे ठरवत नसेल. शेवटाची रेघ आखलीच नाही की ती आपोआप पुढे सरकत जाते. संत याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे देवाच्या कानी पोहोचते. आपल्या घरातली मजुरी तर ओरडत नाही ना, हे पुढच्या पापनिवेदनाआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

१ मे हा आपल्यासाठी महाराष्ट्र दिन आहे, तसा कामकरी संत जोसेफचा सणही आहे. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ मध्ये सुरू केला. त्या दिवशी मिस्सानंतर, ज्यांच्याकडे कोणी शिकाऊ म्हणून काम करत असेल त्यांनी त्याला समोर बसवून मुदत आणि मजुरी बोलून टाकावी. लिहून ठेवले तर उत्तमच. मिस्त्रींनी नव्या पोराच्या बाबतीत हे आधीच केले आहे: अडीच वर्षे, दर सहा महिन्यांनी वाढ, शेवटी इंजिन एकट्याने उघडून परत बसवायचे. पोरगा तेव्हा गोव्याला गेला तरी चालेल, असे ते म्हणाले. म्हणताना हसले नाहीत, पण म्हणाले.

त्या तरुणाच्या अर्जाचे काय झाले, असे कोणी विचारील. तो 'ट्रेनी' लिहायला निघाला होता. त्याला काय येते ते मी विचारले. नकाशा वाचता येतो, माप घेता येते, जोडणी येते. मग मी त्याला म्हटले, तू कोण आहेस ते लिही, तुला कोणी काय म्हणतात ते नको. त्याने 'फिटर' असे लिहिले. आईने ते अक्षर वाचून पाहिले आणि मग खाली स्वतःची सही केली.

कामकरी संत जोसेफ, आमच्या शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी विनंती कर. आमेन.